गोल्फच्या मैदानावरचं खळं

लग्न होऊन मी अमरावतीला आले, त्याच आठवड्यात नवऱ्याने मला कँपातली बाग दाखवायला नेलं. बागेच्या पलीकडे मोठं मोकळं रान होतं, मधूनमधून बाभळी नि कडुनिंब. त्या रानात एके ठिकाणी जोड्यांची रांग लावलेली होती. कातडी जोडे, चपला, एक कॅनव्हासच्या बुटांचा जोड. रांगेच्या पुढे काळपट वाळूचं एक सपाट वर्तुळ, त्याच्या मधोमध लाल फडकं बांधलेली बांबूची काठी, आणि त्या वर्तुळात चार वयस्क गृहस्थ अनवाणी, खाली मान घालून उभे. कुणी बोलत नव्हतं. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडले.

नवरा एवढ्या मोठ्याने हसला की त्या चौघांपैकी एकाने वळून रागाने पाहिलं. ते माझे सासरे होते.

तिथे देव नव्हता, गोल्फ होता. साहेब लोक देश सोडून गेले तसं हे मैदान नगरपालिकेकडे आलं, बागेत सामील झालं आणि सगळ्यांना खुलं झालं. सगळ्यांना म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात तिथे गुरं चरायची, मुलं विटीदांडू खेळायची, आणि संध्याकाळी हे चार म्हातारे साहेबांनी मागे टाकलेल्या काठ्या घेऊन चेंडू टोलवत फिरायचे. टिनाच्या खोपटात त्या काठ्या ठेवलेल्या असत आणि खोपटाची किल्ली सासऱ्यांच्या जानव्याला. मामंजी कचेरीत नाझर होते, सामानसुमानाचा हिशेब त्यांच्याकडे. नोकरी संपली, किल्ली राहिली.

मी माहेरची अकोल्याची. लहानपणी आईवडील गेले आणि मला काकांनी वाढवलं. काका वकील, त्यामुळे आमच्या घरात प्रश्न विचारणं हा गुन्हा नव्हता, न विचारणं हा होता. सासरी आल्यावर सुनेने तोंडाला कुलूप लावावं असं सगळ्यांनी सांगून पाठवलं होतं. मी ते कुलूप बदनेऱ्याला गाडी बदलतानाच कुठेतरी विसरले असावे. दुसऱ्या दिवशी चहा देताना मी मामंजींना विचारलं, "जोडे कावून काढता तिथं?"

मामंजी चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "तुमचं शेत कुठं आहे?"

"तेल्हाऱ्याकडे."

"मंग तुमच्या खळ्यावर कोणी जोडे घालून जाते का?"

खरंच की. ज्वारीची कणसं खुडून आली की शेतात खळं करतात. जमीन चोपून, शेणाने सारवून गोल अंगण तयार करायचं, मधोमध लाकडाची मेढ रोवायची, तिच्याभोवती बैल फिरवून मळणी करायची. त्या खळ्यात वहाण घालून पाऊल टाकलं तर आमच्या घरची सगळ्यात गरीब म्हैसही शिंग उगारेल, मग माणसांचं काय सांगू. आणि मामंजींच्या मैदानावरची ती वर्तुळं होतीही अगदी तशीच, गोल, सपाट, मधोमध काठी. मला उत्तर पटलं. पण पटल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा डोक्यात किडा वळवळला. खळं आपल्याला ठाऊक. साहेबाला कुठून ठाऊक?

मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायला लागले होते. पानिपत, प्लासी सगळं मुखोद्गत, पण घरापासून हाकेच्या अंतरावरच्या मैदानाचा इतिहास मात्र माहीत नाही, याचा मला मनापासून राग यायचा. मी विचारत सुटले. मामंजींबरोबर खेळणारे एक डॉक्टर म्हणाले, हा जगभरचा नियम आहे, विलायतेतही असंच करतात. ते विलायतेला गेलेले नव्हते. बागेचा म्हातारा माळी म्हणाला, पूर्वी इथे घोड्यांची कवाईत व्हायची. आमच्या शेजारच्या मावशींनी तर एका कलेक्टरच्या मडमेला घरची आठवण येऊन ती रडायची म्हणून हे मैदान केलं असं सांगितलं, आणि सांगताना स्वतःही डोळे पुसले. मैदान किती जुनं, ते कुणालाच धड सांगता येईना.

एवढं मात्र कळलं की गोल्फला हिरवळ लागते. आमच्या काळ्या मातीत ती कुठली? उन्हाळ्यात जमीन अशी फाटते की भेगेत गेलेला चेंडू गेला म्हणायचा. पावसाळ्यात पाऊल टाकलं की पाय वर येतो, जोडा खालीच राहतो. तेव्हा साहेबांनी हिरवळीचा नाद सोडला आणि ठिकठिकाणी वाळूची वर्तुळं केली. वाळू उडू नये म्हणून तिच्यात कापसाच्या जिनिंगच्या इंजिनाचं जळकं तेल कालवलं. वर्तुळाच्या मधोमध जमिनीत डबा पुरला. चेंडू लांबून टोलवत आणायचा आणि शेवटी वर्तुळात शिरून हळूच त्या डब्यात घालायचा, हा खेळ. तेलकट वाळूवर पावलांचे ठसे उमटतात, म्हणून निघताना एक लाकडी फळी ओढून ते पुसायचे, म्हणजे मागून येणाऱ्याला वाळू सपाट मिळते. ही फळी मामंजी दुसऱ्या कुणाला ओढू देत नसत. चेंडू डब्यात जावो न जावो, ठसे पुसले की त्यांच्या चेहऱ्यावर जेवण झाल्यासारखं समाधान दिसायचं.

असं पाच-सहा वर्षं चाललं. मग नगरपालिकेत नवे सभासद आले आणि त्यांच्यातल्या एकाने विचारलं की चार म्हाताऱ्यांसाठी एवढी जमीन कशाला अडवून ठेवायची? तिथे बैलबाजार भरवा. मामंजींची झोप उडाली. त्यांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, हातापाया पडले म्हणा ना, आणि शेवटी अध्यक्षांकडून एक कबुली मिळवली. नागपूरचे गोल्फ खेळणारे लोक इथे सामना खेळायला आले, गावाने तो पाहिला, लोकांना रस आहे असं दिसलं, तर मैदान राहील. नाहीतर बैलबाजार.

नागपूरकर आनंदाने तयार झाले. फक्त त्यांचे कप्तान, लष्करातून निवृत्त झालेले मेजर, यांनी निरोप पाठवला की जोडे काढून खेळणं हा काही गोल्फ नव्हे, आमचे लोक जोडे काढणार नाहीत.

मला वाटलं, सुटलं. एवढ्याशा गोष्टीसाठी कोण अडून बसेल? मामंजी अडून बसले.

"येऊ नका म्हनावं त्याईले."

"मामंजी, मैदान जाईल."

"जाऊ दे. जोडे काढल्याशिवाय माझ्या खळ्यावर कोणी येत नाही."

ते मैदान त्यांचा जीव होता हे घरातल्या मांजरालाही कळत होतं, आणि ते जोड्यांपायी जायला निघालं होतं. नवऱ्याने समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. म्हातारा हलेना. माझं टाळकं फिरलं. म्हटलं, हा नियम आला कुठून ते एकदा शोधूनच काढते. विलायतेचा असेल तर मेजरला दाखवू, नसेल तर मामंजींना.

शनिवारी शाळा सकाळची होती. परतताना मी बागेत गेले आणि मामंजी काठ्यांना तेल लावत बसले होते तेवढ्यात खोपटात घुसून सगळं धुंडाळलं. कोपऱ्यात, मोडक्या खुर्चीमागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली एक तसबीर होती. वळवून पदराने पुसली. कुठल्यातरी सामन्यानंतरचा फोटो. वाळूच्या वर्तुळात साहेब लोक खुर्च्यांवर पायावर पाय टाकून बसलेले. मागे दोन हिंदी गृहस्थ, कोट, पगडी, उपरणं, सगळा थाट. कडेला कागद हातात धरलेला एक कोवळा कारकून. तो कान आणि नाक पाहूनच ओळखू आला. मामंजी.

साहेबांच्या पायात बूट होते. चकचकीत, नाड्यांचे बूट, वाळूत चांगले रुतलेले. मागचे दोघे अनवाणी. मामंजी अनवाणी.

मी तसबीर घेऊन बाहेर आले आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पाहिलं, तेलाचं फडकं झटकलं आणि म्हणाले, "होती तशी ठेवून दे, सूनबाई." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मला पुढे विचारवेना, आणि मला विचारवलं नाही असं आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

त्या फोटोत मागे उभे असलेले दोघे अमरावतीचे वकील असावेत असं कपड्यांवरून वाटलं. जुन्या वकिलांची माहिती कुणाला असणार? काकांना. तेही उमेदीच्या काळात अमरावतीला वकिली करत, मग अकोल्याला आले. मी रविवारची गाडी पकडली.

काकांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते माझ्या सासरी कधी आले नव्हते. मुलीच्या घरचं पाणीही न पिण्याची जुनी चाल आमच्याकडे होती, तिला मूल झाल्यावर ती सुटायची. मला मुलगा झाला, तो पाटीवर अक्षरं गिरवू लागला, तरी काका आले नाहीत. पाळतात बिचारे जुनं, असं सगळे म्हणायचे. एरवी ते काहीच जुनं पाळत नसत, हे मला का खटकलं नाही कोण जाणे.

मी मैदान, सामना, मेजर, फोटो सगळं सांगितलं. काका ओसरीवर सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"त्या फोटोत मी नाही," ते म्हणाले. "मी तिसरा होतो. मी वापस आलो."

आणि मग त्यांनी सांगितलं. एक जज्जसाहेब होता, माणूस बरा होता, त्याने काकांना खेळायला बोलावलं. काकांनी त्यासाठी नवे बूट घेतले. पहिल्या वर्तुळाशी पोचले आणि एक तरणा कारकून धावत आला, घामाने थबथबलेला. म्हणाला, वकीलसाहेब, इथं खळं मानतात, जोडे काढून या.

"मी पाह्यलं, तर खळ्यात चार साहेब बूट घालून उभे. मी म्हटलं, खळं असंल तर आधी त्याईले उतरव. तो नुसता माझ्या जोड्याकडे पाहत राह्यला. मी तसाच वापस फिरलो, अन् मंग अमरावतीच सोडली."

"तो कारकून..."

"बोलणी मध्यस्थानं केली. तुह्या लग्नात अक्षता टाकताना वळखला मी त्याले. तवा काय बोलणार? पोरगा चांगला होता, तुले पसंत होता." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "नियम साहेबाचा होता, त्याचा नव्हता. पण त्यानं त्या नियमाले खळ्याचं सोवळं नेसवलं ना, त्याचा मले राग आहे. अपमान करा ना सरळ. शेतकऱ्याच्या पोराले खळ्याचं नाव सांगून कावून करता?"

परतीच्या गाडीत मी धुसफुसत होते. इतकी वर्षं मी ज्याला आमच्या मातीतली रीत समजून कौतुक करत होते, ती साहेबाची मिजास निघाली. आणि माझ्या काकांना ती माझ्या सासऱ्याने ऐकवलेली. घरी पोचले, पायही न धुता मामंजींसमोर उभी राहिले आणि काकांनी सांगितलं ते सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं.

मामंजी जानव्याची किल्ली बोटांत फिरवत बसले. मग हळूहळू बोलायला लागले.

"साहेबानं मले सांगितलं, नेटिव्हाच्या जोड्यानं वाळू खराब होते, त्याईले काढून यायले सांग. आता हे मी वकिलाले कसं सांगू? एवढा शिकलेला माणूस, नवे बूट घालून आला. मी धावत गेलो अन् माझ्या तोंडातून खळंच निघालं. म्हटलं, खळ्यासाठी काढले असं वाटलं तर त्याले कमी लागंल. बाकीच्याईले तसंच वाटलं. त्याईनं खुशीनं काढले. तुह्या काकाले नाही वाटलं."

"आणि साहेब गेल्यावर तरी बंद करायचं ना?"

"कावून बंद करू?" त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे वर पाहिलं. "किल्ली माह्या हातात आली तवा मी ठरवलं, आता सगळे काढतील. कलेक्टर येवो, मंत्री येवो. एकजात सगळ्याईनं काढले, तर मंग तो अपमान कोनाचा राह्यला? सांग. मंग ते खरंच खळं झालं का नाही?"

मी वाद घालायला उभी राहिले होते आणि मला रडू आलं, दोघांसाठी. एकाने अपमान फेकून दिला आणि निघून गेला. दुसऱ्याने तो तिथेच राहून, रोज फळी ओढून, पुसून पुसून काढायचा प्रयत्न केला. कोण बरोबर, ते मी आजही सांगू शकत नाही आणि मला ते सांगायचंही नाही.

जेवताना मामंजी एकदम म्हणाले, "वकीलसाहेब येतील का सामन्याले?"

"विचारून पाहते."

"विचार. अन् नागपूरवाल्याईले कळव, जोडे घालून या म्हनावं."

काका येतील असं मला वाटलं नव्हतं. मी नुसतं एवढंच सांगितलं की मामंजींनी स्वतः बोलावलं आहे, आणि जोडे घालून या असं म्हटलं आहे. ते आले. थंडीचे दिवस होते. बदनेऱ्याहून सकाळच्या गाडीने आले ते सरळ मैदानावर, धुवट धोतर, कोट, आणि पायात काळे बूट, पॉलिश केलेले.

गाव लोटलं होतं. खेळ कुणालाच कळत नव्हता, पण मेजरने पहिला टोला हाणला आणि चेंडू बाभळींच्या वरून गेला, तशी अशी आरोळी उठली की अध्यक्ष खुर्चीवरून उठून उभे राहिले. बैलबाजार तिथेच बारगळला असं माझं मत. नागपूरकर खिळ्यांचे जोडे घालून पहिल्या वर्तुळात शिरले. मामंजी कडेला फळी धरून उभे होते. अनवाणी. प्रत्येक पावलाबरोबर वाळूत खिळ्यांच्या खुणा पडत होत्या आणि दर खेपेला मामंजी फळी घेऊन पाऊलभर पुढे सरकत आणि थांबत. मला ते पाहवत नव्हतं.

मग अध्यक्ष म्हणाले, पाहुण्यांपैकी कुणी ज्येष्ठांनी एक चेंडू घालावा. मामंजी काकांपाशी गेले. माझ्या लग्नानंतर दोघे पहिल्यांदाच एकमेकांसमोर उभे होते.

"वकीलसाहेब, या. जोडे असू द्या."

काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि बुटांसकट वर्तुळात पाऊल टाकलं. सावकाश, एकेक पाऊल दाबून, मधल्या काठीपर्यंत चालत गेले. चेंडू डब्यापासून हातभर लांब होता. काकांनी मारला आणि तो डब्याच्या दुसऱ्या बाजूने निघून गेला. लोक हसले. काकाही हसले. "लय वर्षं झाली," म्हणाले, आणि बाहेर आले.

बाहेर एक दगडी बाक होता. काका त्याच्यावर बसले, वाकले आणि नाड्या सोडायला लागले. मला वाटलं, बूट चावला असेल. एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही बाकाखाली नीट जोडून ठेवले.

"हे कावून, वकीलसाहेब?" मामंजी घाबरून म्हणाले. "मी तर..."

"आज कोणी काढा म्हटलं नाही," काका म्हणाले. "म्हनून काढले. खळ्यावर कोणी जोडे घालून जाते का?"

मग ते उठले, अनवाणी पुन्हा वर्तुळात गेले, तोच चेंडू परत घेतला आणि या वेळी डब्यात घातला. टिनावर चेंडू वाजला. बाहेर येऊन मामंजींच्या हातातली फळी काढून घेत म्हणाले, "तुमचे जोडे कुठं आहेत, नाझरसाहेब?"

जोडे खोपटापाशी होते. माझा मुलगा धावत जाऊन घेऊन आला.

"घाला आता. तुमी लय दिवस काढले."

मामंजींनी जोडे घातले. सगळं गाव बघत होतं आणि कुणालाच काही कळत नव्हतं, मी सोडून. ते वर्तुळाच्या कडेशी थांबले. पाय उचलायचे आणि परत खाली ठेवायचे. शेवटी आत गेले, काठीपर्यंत, आणि तिथे नुसते उभे राहिले. परतले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. त्या दुपारी काका आमच्याकडे जेवले. वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली.

मैदान राहिलं. जोडे काढायचे का ठेवायचे, ते ज्याचं त्याने ठरवायचं असं झालं, आणि गंमत म्हणजे बरेच जण काढायचेच. पुढे मामंजी गेले, खेळणारे उरले नाहीत, नगरपालिकेने तिथे हिरवळ आणि झोके केले. मुलं आता त्यावर उघड्या पायांनी पळतात.

पण सामन्याच्या त्या संध्याकाळी मी एकटी मैदानावर गेले होते. सवयच माझी, काहीतरी पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. सगळी वर्तुळं मामंजींनी फळी ओढून साफ केलेली होती, खिळ्यांची एकही खूण कुठे उरली नव्हती. पहिल्या वर्तुळात मात्र कडेपासून काठीपर्यंत दोघांच्या जोड्यांचे ठसे तसेच होते, त्यांच्या शेजारून काकांच्या उघड्या पावलांचे, आणि तेवढ्या भागावर त्यांनी फळी फिरवली नव्हती.